क्रायनम व्हिव्हिपेरम

क्रायनम व्हिव्हिपेरम ही अ‍ॅमॅरिलिडेसी कुलातील, नदीकाठच्या चिखलात व पाणथळ जागी वाढणारी बहुवर्षायू कंदवर्गीय वनस्पती आहे. ती मूळची भारत, श्रीलंका व आग्नेय आशियाच्या काही भागांतील असून पश्चिम घाटाच्या परिसरातही आढळते. पावसाळ्यात येणारी तिची पांढरी, लांब नळीची फुले सायंकाळनंतर विशेष सुगंध देतात. इंग्रजी उद्यानविषयक लेखनात ती ‘रिव्हर क्रायनम लिली’ या नावाने ओळखली जाते. बागेतील तळे, हौद, पाण्याची कुंडी व पाणथळ बाग यांच्या काठासाठी ही देशी वनस्पती उपयुक्त आहे. मात्र ती कमळासारखी खोल पाण्यातील वनस्पती नसून काठावरील गाळाची वनस्पती आहे. तिच्या लागवडीतील बहुतेक अपयश हा भेद लक्षात न घेतल्याने येते.

नाव व वर्गीकरण

‘क्रायनम’ हे प्रजातीनाम लिलीवाचक ग्रीक शब्दावरून आले आहे. या प्रजातीत शंभराहून अधिक जाती असून त्या आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया व अमेरिका या खंडांच्या उष्ण प्रदेशांत पसरलेल्या आहेत. आधुनिक वर्गीकरणात कांदा व लसूण यांचाही समावेश अ‍ॅमॅरिलिडेसी कुलातच केला जातो. परंतु कांदा-लसूण खाद्य आहेत, तर क्रायनमचे कंद विषारी आहेत.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८३ मध्ये या जातीचे वर्णन ‘अ‍ॅमॅरिलिस व्हिव्हिपेरा’ या नावाने केले. पुढे १८१७ मध्ये केर-गॉलर यांनी तिला ‘क्रायनम डिफिक्सम’ हे नाव दिले व ते दीर्घकाळ प्रचारात राहिले. भारतातील अनेक जुन्या वनस्पतिकोशांत ती याच नावाखाली सापडते. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अन्सारी व नायर या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी लामार्क यांच्या नावाचे अग्रक्रमत्व मान्य करून ‘क्रायनम व्हिव्हिपेरम’ हे नाव रूढ केले.

दोन्ही नावे अर्थपूर्ण आहेत. लॅटिनमध्ये ‘डिफिक्सम’ म्हणजे खाली घट्ट रोवलेले. कंद गाळात खोलवर पक्का बसलेला असतो, याचा हे नाव निर्देश करते. ‘व्हिव्हिपेरम’ म्हणजे जिवंत पिलांना जन्म देणारे. बीज झाडापासून पुरते सुटण्याआधीच रुजू लागण्याच्या प्रवृत्तीशी त्याचा संबंध आहे. लागवडीच्या दृष्टीने या वनस्पतीची दोन मुख्य वैशिष्ट्ये या दोन नावांतच आली आहेत.

मराठीत क्रायनम प्रजातीतील वनस्पतींना नागदवणा, सुदर्शन, गडांबी कांदा अशी नावे वापरली जातात. ही नावे कोणत्याही एका जातीशी निश्चितपणे जोडलेली नाहीत. एकाच नावाने वेगवेगळ्या गावांत वेगवेगळी जाती दाखवली जाते. त्यामुळे रोप मिळवताना केवळ लोकनामावर विसंबून न राहता पाने, फुले व अधिवास पाहून ओळख पटवणे आवश्यक ठरते.

वर्णन

कंद अंडाकृती, पापुद्र्यांचा, साधारण ५ ते ८ सेंमी व्यासाचा असून त्याची मान नळीसारखी वर आलेली असते. मुळे जाड व पुष्कळ असून ती गाळात लांबवर जातात. पाने जमिनीलगत निघतात. ती पट्ट्यासारखी अरुंद, साधारण ६० ते ९० सेंमी लांब व दीड ते तीन सेंमी रुंद असून आतल्या बाजूस पन्हळीसारखी खोलगट असतात.

पानांच्या बाजूने ४५ ते ६० सेंमी उंचीचा भरीव पुष्पदंड येतो. त्याच्या टोकाला दोन छदांच्या आवरणातून ६ ते १५ फुलांचा छत्रासारखा फुलोरा उमलतो. फुलाची नळी बारीक, हिरवट व ६ ते ८ सेंमी लांब असते. तिच्या टोकाशी सहा अरुंद पांढऱ्या पाकळ्या (परिदले) पसरतात व मागे वळतात. सहा केसरदले एकमेकांपासून सुटी असून त्यांचे तंतू लालसर-जांभळट असतात. पांढऱ्या फुलातील हे लालसर तंतू ओळखीची ठळक खूण आहेत.

फुले सायंकाळी उमलतात व रात्री त्यांचा वास अधिक दरवळतो. पांढरा रंग, लांब अरुंद नळी आणि रात्रीचा सुगंध ही लक्षणे लांब सोंडेच्या निशाचर पतंगांकडून होणाऱ्या परागणाशी जुळणारी आहेत; क्रायनमच्या अनेक जातींत असे परागण होते. एक फूल फार काळ टिकत नाही, पण फुलोऱ्यातील कळ्या क्रमाने उमलत असल्यामुळे बहर काही दिवस चालतो.

फळ ओबडधोबड गोलसर असून त्यात थोडी, मोठी व मांसल बीजे असतात. क्रायनमच्या बीजाला सर्वसाधारण बीजासारखे टरफल नसते. बाहेर बुचासारखा पातळ थर व आत रसरशीत, हिरवट गर असतो. या गरातील पाणी व अन्न यांच्या बळावर बीज बाहेरचे पाणी न मिळताही रुजू शकते. हीच रचना त्याची मर्यादाही आहे. असे बीज वाळवून साठवता येत नाही.

अधिवास

नदी, ओढे व नाले यांचे चिखलाचे काठ, तळ्यांच्या कडा आणि पावसाळ्यात पाणी साचणारी सखल जमीन येथे ही वनस्पती वाढते. अशा जागी पाण्याची पातळी वर्षभर सारखी नसते. पावसाळ्यात पूर येऊन पाने काही काळ पाण्याखाली जातात, पाणी ओसरल्यावर झाड उघड्यावर येते आणि उन्हाळ्यात वरचा गाळ भेगाळला तरी खाली ओल टिकून राहते. पुराच्या ओढीत मुळे झाडाला धरून ठेवतात व कोरड्या दिवसांत कंदातील साठा त्याला जगवतो. बागेतील लागवडीत जागेचे हे बदलते स्वरूप शक्य तितके जपावे लागते.

सारख्या दिसणाऱ्या वनस्पती

रोपवाटिकांत ‘स्पायडर लिली’ या नावाने विकले जाणारे रोप बहुधा हायमेनोकॅलिस या अमेरिकी प्रजातीचे असते. त्याचीही फुले पांढरी व सुवासिक असतात. परंतु त्यांत केसरतंतूंच्या तळाशी एक पातळ, पेल्यासारखा पडदा असतो व तो सर्व तंतूंना जोडतो. क्रायनममध्ये असा पेला नसतो. देशी वनस्पती लावण्याचा हेतू असेल तर फूल पाहून ही खात्री करून घ्यावी.

क्रायनम एशियाटिकम ही बागांत व रस्त्यांच्या दुभाजकांत सर्रास दिसणारी जाती आकाराने बरीच मोठी असते. तिची पाने सात सेंमीपेक्षाही रुंद, मान जमिनीवर खोडासारखी उंच आणि फुलोऱ्यातील फुले संख्येने अधिक असतात. क्रायनम लॅटिफोलियम या जातीची फुले घंटेसारखी व किंचित झुकलेली असून रुंद पाकळ्यांवर गुलाबी पट्टा असतो. ती माळरानावर व वनांच्या कडेला वाढते, म्हणून कायम चिखलात लावण्यास योग्य नाही.

लागवड

जागा व ऋतू

दिवसातून किमान चार ते सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी. दाट सावलीत पाने लांब व लेची होतात आणि फुले कमी येतात. फुलांचा वास संध्याकाळनंतर येत असल्याने अंगण, ओटा किंवा खिडकीजवळची जागा सोयीची ठरते. लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. पाण्याची खात्रीशीर सोय असल्यास ती फेब्रुवारी-मार्चमध्येही करता येते.

तळ्यात किंवा हौदात

तळ्यात कंद थेट तळाशी न लावता कुंडीत लावून ती कुंडी काठालगतच्या पायरीवर ठेवणे सोयीचे असते. साधारण ३० सेंमी व्यासाची, रुंद तोंडाची व जड कुंडी घ्यावी. हलकी प्लास्टिक कुंडी वाऱ्याने कलंडते; ती वापरायची झाल्यास तळाशी दगड घालावेत.

कुंडीत नदीकाठची पोयटा माती किंवा काळी माती भरावी. कोकोपीट, पालापाचोळा व हलके कुंडीमिश्रण टाळावे, कारण ते पाण्यावर तरंगते किंवा कुजून पाणी बिघडवते. पूर्ण कुजलेले शेणखत फक्त तळाच्या थरात मूठ-दोन मुठी घालावे. ताजे शेण वापरू नये. त्यामुळे पाणी हिरवे होते व त्यातील प्राणवायू कमी होतो. कंद मातीत उभा बसवून त्याच्या मानेचे टोक पृष्ठभागावर ठेवावे. मातीवर दोन-तीन सेंमी जाड वाळू किंवा बारीक खडी पसरावी, म्हणजे माती पाण्यात ढवळली जात नाही.

नव्या कंदावर सुरुवातीला पाणी चढवू नये. पहिले काही आठवडे माती केवळ चिखलासारखी ओली ठेवावी आणि नवी पाने जोमाने वाढू लागल्यावर कुंडी पाण्यात उतरवावी. मुळे नसलेला कंद एकदम पाण्यात बुडवल्यास तो मानेकडून कुजतो. जमलेल्या झाडाच्या मातीवर पावसाळ्यात ५ ते १५ सेंमी पाणी चालते, हिवाळ्यात त्याहून कमी पुरते आणि उन्हाळ्यात नुसता ओला गाळही पुरेसा असतो. विटांच्या साहाय्याने कुंडी वर-खाली करून ही पातळी सहज राखता येते.

पाणथळ बागेत

पाणथळ बाग म्हणजे पाणी न साचता माती सतत ओली राहील असा वाफा. त्यासाठी ४५ ते ६० सेंमी खोल खड्डा घेऊन त्यात शेततळ्याच्या अस्तरासाठी वापरतात तसा जाड प्लास्टिक कागद अंथरावा. कागदाच्या बाजूंना, तळापासून थोड्या उंचीवर, काही लहान भोके ठेवावीत. त्यामुळे खालच्या थरात ओल टिकते आणि जादा पाणी निघून जाते. नंतर खड्डा पोयटा मातीने भरावा व दोन कंदांत सुमारे ४५ सेंमी अंतर ठेवावे.

कोकणातील जांभ्या जमिनीत पाणी लवकर मुरत असल्याने अस्तराची गरज असते. दख्खनच्या खोल काळ्या जमिनीत सखल जागा असल्यास अस्तराविनाही वाफा करता येतो. मात्र उन्हाळ्यात माती भेगाळून मुळे तुटू नयेत म्हणून आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी द्यावे. छतावरील पन्हळीचे पावसाचे पाणी अशा वाफ्याकडे वळवता येते.

निगा

पिवळी पडलेली पाने व वाळलेले पुष्पदंड कापून पाण्याबाहेर काढावेत. खत वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, मातीत खोचून द्यावे. पाण्यात विरघळवून देऊ नये. क्रायनमच्या मुळांना वारंवार धक्का लागलेला चालत नाही. स्थलांतरानंतर झाड एखादा हंगाम फुलत नाही, म्हणून कुंडी बदलण्याची घाई करू नये. कुंडी कंदांनी गच्च भरली आणि फुले कमी झाली, तरच विभाजन करावे.

घरगुती हौदात डासांची पैदास होऊ न देणे ही लागवडीइतकीच महत्त्वाची बाब आहे. लहान भांड्यांतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलावे आणि भांड्याची आतली बाजू घासून घ्यावी. मोठ्या हौदांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडले जातात. त्यांतील गप्पी मासा परदेशी आहे, म्हणून तो किंवा हौदातील पाणी ओढ्यात अथवा नैसर्गिक तळ्यात सोडू नये.

अभिवृद्धी

बीजापासून

फळ पिकून फुटू लागले की बीजे गोळा करून ताजी असतानाच पेरावीत. ती उन्हात वाळवू नयेत, डब्यात किंवा पिशवीत बंद करून महिनोन्महिने ठेवू नयेत आणि मातीत खोल पुरू नयेत. ओल्या मातीच्या पृष्ठभागावर बीज अर्धे उघडे राहील असे ठेवावे व हलकी सावली द्यावी.

रुजताना बीजातून प्रथम एक जाडसर, मुळासारखा दिसणारा भाग बाहेर पडून खाली मातीत शिरतो. त्याच्या टोकाशी जमिनीखाली इवलासा कंद तयार होतो व त्यातून पहिले पान वर येते. या काळात वर पान दिसत नसल्यामुळे बीज वाया गेले असे समजून ते उपटले जाण्याची शक्यता असते. म्हणून त्याला हलवू नये. बीज हळूहळू सुरकुतते, कारण त्यातील साठा नव्या कंदाकडे जात असतो. रोपे पहिले वर्षभर चिखलात ठेवावीत, पाण्याखाली बुडवू नयेत. बीजापासून फुले येण्यास साधारणतः तीन-चार वर्षे लागतात.

उपकंदांपासून

जुन्या कंदाच्या बाजूला लहान उपकंद येतात. माळी त्यांना पिल्ले म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, संपूर्ण गड्डा उकरून स्वतःची मुळे असलेली पिल्ले हाताने अलग करावीत. कापावे लागल्यास जखम सावलीत एक-दोन दिवस सुकू द्यावी. उपकंदापासून वाढलेली रोपे बीजापासूनच्या रोपांपेक्षा लवकर फुलतात.

कीड व रोग

पावसाळ्यात पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाच्या अळ्या क्रायनमवर येऊ शकतात. काळ्या रंगावर पांढरे व लालसर ठिपके असणाऱ्या या अळ्या समूहाने पाने खातात आणि थोड्या दिवसांत झाड निष्पर्ण करतात. हीच अळी कळलावीवरही आढळते. तळ्याजवळ कीटकनाशक फवारल्यास मासे, बेडूक व चतुरांच्या अळ्या मरतात. त्यामुळे सकाळी पाहणी करून अळ्या हाताने वेचणे हा योग्य उपाय आहे. पाने पूर्ण खाल्ली गेली तरी कंद शाबूत असल्यास झाड पुन्हा फुटते.

गोगलगायी कोवळी पाने व कळ्या कुरतडतात. पानांवर तांबूस चट्टे पडणे हे बुरशीजन्य रोगाचे लक्षण असू शकते. अशी पाने कापून नष्ट करावीत व झाडांत हवा खेळती ठेवावी. कंद मऊ पडून दुर्गंधी येऊ लागल्यास तो कुजला आहे असे समजून काढून टाकावा.

विषारीपणा

क्रायनमच्या कंदांत लायकोरिन व तत्सम अल्कलॉइडे असतात. कंद खाल्ल्यास मळमळ, उलट्या व जुलाब होतात. कंद कांद्यासारखा दिसतो, म्हणून काढलेले कंद स्वयंपाकघरात किंवा भाजीजवळ ठेवू नयेत व साठवताना त्यांवर नावाची चिठ्ठी लावावी. काहींच्या त्वचेला रसाने खाज सुटते. हाताळताना हातमोजे वापरावेत. या प्रजातीतील जातींचे काही उपयोग पारंपरिक वैद्यकात सांगितलेले असले, तरी जातींच्या नावांतील गोंधळ आणि विषारीपणा पाहता घरगुती औषध म्हणून त्यांचा वापर धोक्याचा आहे.

संवर्धन

या जातीचा प्रसार विस्तृत असला, तरी ती ज्या जागी वाढते त्या जागा आक्रसत आहेत. वाळूउपसा, नदीकाठांचे काँक्रिटीकरण, काठावरील भराव, सांडपाणी व जलपर्णीचा फैलाव यांमुळे उथळ, गाळाचे काठ नाहीसे होतात. नदीचे पात्र वाहते राहिले, पण काठाऐवजी उभी भिंत आली, तर तेथे या वनस्पतीला जागा उरत नाही.

जलप्रिय क्रायनमचा अधिवास किती मर्यादित असू शकतो, हे क्रायनम मलबारिकम या जातीवरून दिसते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील प्रवाहात वाढणाऱ्या या जातीचे वर्णन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील लेखक व यादव या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. एका लहान प्रवाहावर अवलंबून असलेल्या अशा जातीच्या बाबतीत थोडेसे कंद काढून नेणेही मोठी हानी ठरू शकते.

या पार्श्वभूमीवर बागेसाठी नदीकाठचे कंद उकरून आणणे योग्य नाही. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वनस्पती काढणे कायद्यानेही निषिद्ध आहे. शिवाय खोल गाळात रोवलेला मोठा कंद उपटताना त्याची मुळे तुटतात आणि असा कंद बागेत अनेकदा कुजतो. लागवडीतील झाडांची पिल्ले किंवा ताजी बीजे यांपासून रोपे करणे हा सुरक्षित व अधिक यशस्वी मार्ग आहे. एखाद्या झाडाची बीजे घेतानाही सर्व न घेता बहुतेक बीजे तेथेच राहू द्यावीत. बागेतील लागवडीमुळे ही वनस्पती लोकांच्या परिचयाची होते व तिची रोपे उपलब्ध होतात. परंतु चढत्या-उतरत्या पाण्याचा, गाळाचा नैसर्गिक काठ जपणे हेच तिच्या संवर्धनाचे मुख्य साधन आहे.